मुका खर्ज

वाजविले असता जे शेजारच्या खोलीत ऐकू येत नाही त्याला वाद्य म्हणावे की नाही, असा प्रश्न काही वर्षांपूर्वी कोणी आम्हांस विचारला असता, तर आम्ही तो हसण्यावारी नेला असता. आम्ही इंग्रजी वाङ्मयाचे अध्यापक. शास्त्राशी आमचा संबंध शालान्त परीक्षेबरोबर उभयपक्षी समाधानाने संपला. परंतु गेली तीन वर्षे असे एक वाद्य आमच्याच घरात नांदत आहे. आणि त्यांपैकी पहिली दोन वर्षे त्याच्यावर व ते वाजविणाऱ्यावर आमच्या हातून जो अन्याय झाला, त्याची कबुली द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. कबुलीच्या ओघात थोडे पदार्थविज्ञान येईल. ते उसने आहे, हे वाचकांस आधीच सांगून ठेवतो.

आमच्या चिरंजीवांनी शिकवण्या करून साठविलेल्या पैशांतून एके दिवशी एक लांबोडके खोके घरी आणले. आतून जी वस्तू निघाली तिला बेस गिटार म्हणतात, असे आम्हांस सांगण्यात आले. लांब दांडी, तिच्यावर सतारीसारखे परंतु न सरकणारे पडदे, चार खुंट्या, चार जाड पोलादी तारा. आणि या सर्वांखाली एक भरीव लाकडी फळी. तिला ना पोकळी, ना भोक. आम्ही एक तार छेडून पाहिली. दरवाजाची कडी हलकेच पडावी तसा काहीसा आवाज झाला आणि विरला.

आमच्या बैठकीच्या भिंतीशी आमच्या वडिलांचा तंबोरा गवसणीत उभा आहे. वडील पहाटे तो छेडीत तेव्हा माजघरातल्या भांड्यांनाही कंप सुटे, ही आमच्या बाळपणची आठवण. तो भोपळा आणि ही फळी यांची मनात तुलना झाली, आणि आम्ही ते वाक्य बोलून गेलो. “ज्याला पोटच नाही ते काय गाणार? विजेवाचून जे बोलत नाही, त्याचा आवाज त्याचा स्वतःचा नव्हेच!” वाक्य तोंडातून निघाले तेव्हा आम्हांस ते बरे साधले असे वाटले. व्याख्यान देणाऱ्या माणसाला हा रोग असतोच. चिरंजीव काही बोलले नाहीत. त्यांनी ते वाद्य उचलले, आपल्या खोलीत नेले व दार लावून घेतले.

त्या दिवसापासून आम्ही घरी असताना त्या वाद्याचा आवाज घरात उमटला नाही. प्रथम आम्हांस वाटले, नव्याचे नऊ दिवस संपले. पुढे पुढे दारामागच्या त्या शांततेचा अर्थ आम्ही आळस असा लावला, आणि जेवणाच्या वेळी एकदोनदा तो बोलूनही दाखविला. आमच्या सौभाग्यवती अशा वेळी आमच्या ताटात काहीतरी वाढून विषय बदलीत. त्यांना खरी हकिकत ठाऊक होती, हे आम्हांस मागाहून कळले.

गेल्या वर्षी वैशाखात वळवाचा पाऊस झाला आणि रात्री दहाच्या सुमारास वीज गेली. पंखे थांबले, शेजारचा दूरदर्शनसंच थांबला. आणि त्या निःशब्दतेत चिरंजीवांच्या खोलीतून बारीक टिकटिक ऐकू येऊ लागली. मेणबत्ती घेऊन आम्ही दार लोटले. अंधारात पलंगावर बसून, वाद्य मांडीवर घेऊन, मुलगा डोळे मिटून वाजवीत होता. कानांवरचे हेडफोन त्याने मानेशी ओढून ठेवले होते.

“वीज गेली आहे ना रे? मग हे काय चालले आहे?”

“वाजवतोय, बाबा.”

“पण तुला ऐकू कसे येते?”

त्याने वाद्य थोडे आमच्याकडे वळविले. फळीचा वरचा भाग शिंगासारखा पुढे आलेला असतो, त्यावर बोट ठेवून तो म्हणाला, “इथे कान टेका.”

आम्ही कान टेकला आणि त्याने सर्वांत जाड तार छेडली. देवळातील मोठ्या घंटेचा टोला संपल्यावर तिच्या अंगात जो घुमारा रेंगाळतो, तसा एक खोल, गोल, स्वच्छ स्वर आमच्या मस्तकात भरला. कान उचलला, तो नाहीसा झाला. पुन्हा टेकला, पुन्हा आला. विजेचा टिपूस घरात नव्हता, आणि तरीही वाद्य बोलत होते. आमचे ते साधलेले वाक्य त्या मेणबत्तीच्या उजेडात आमच्या डोळ्यांदेखत कोसळले. गेली दोन वर्षे मुलगा रोज रात्री दोन-तीन तास असाच बसत असे. एरवी हेडफोन लावून, आणि वीज गेली तर बोटांच्या भरवशावर. आवाज बाहेर येऊ द्यावयाचा नाही, हा नियम त्याने आमच्याकरिता पाळला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही आमच्या एका स्नेह्यांना गाठले. ते पदार्थविज्ञान शिकवितात व आमच्या अज्ञानाकडे करुणेने पाहतात. तार लाकडात एवढी घुमते तर हवेत का ऐकू येत नाही, हा आमचा पहिला प्रश्न. ते म्हणाले, “विंझण्याऐवजी स्वेटर विणायच्या सुईने वारा घालून पाहा.” तार बारीक असते, ती हलली की पुढची हवा तिच्या कडेने मागे निसटते, आणि हवेला लाट अशी उठतच नाही. म्हणून तारेला एखादे रुंद अंग लागते. तंबोऱ्याची तबली आणि भोपळा, व्हायोलिनचे पोट, ही त्याच कामाकरिता. स्वर जितका खालचा, तितके हे अंग मोठे हवे. या वाद्याची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे 41 वेळा कंप पावते, आणि त्या स्वराची हवेतील एकेक लाट आठ मीटरांहून अधिक, म्हणजे जवळजवळ 27 फूट लांब असते. असल्या लाटा उठविण्यासाठीच पाश्चात्यांचे डबल बेस हे वाद्य माणसाहून उंच करावे लागले. आणि एवढे करूनही नगारे व तुताऱ्या यांच्या गलबल्यात ते बिचारे बुडून जाई. ते वाहून नेणे हा तर निराळाच व्यायाम.

या अडचणीतून वाट काढण्याचा प्रयत्न 1930 च्या दशकात अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे पॉल टटमार्क यांनी करून पाहिला होता; परंतु तो रुजला नाही. रुजला तो 1951 साली कॅलिफोर्नियातील फुलर्टन या गावी. तेथील लिओ फेंडर यांचा मूळचा धंदा रेडिओ दुरुस्तीचा. त्यांना स्वतःला गिटार वाजविता येत नसे. परंतु वादकांच्या तक्रारी ऐकण्याचा कान त्यांना होता. त्यांनी डबल बेसच्या त्याच चार तारा घेतल्या, त्यांचा कंप पावणारा भाग 34 इंचांवर आणला, दांडीवर पडदे बसविले आणि पोट काढून टाकले. पडद्यांमुळे बोट टेकताच स्वर नेमका लागे, म्हणून वाद्याचे नाव ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूक, असे ठेवले. पोट काढले ते मात्र कशाच्या बळावर, हे आम्हांस अद्याप कळले नव्हते.

पुढच्या रविवारी आमचे स्नेही दोन नादकाटे खिशात घालून घरी आले. एक पोलादाचा, दुसरा अ‍ॅल्युमिनियमचा. चिरंजीवांनी वाद्य आणि त्याची पेटी केबलने जोडली. आमच्या उपस्थितीत ही पेटी त्या दिवशी प्रथमच बोलणार होती. तारांच्या खाली, फळीच्या मध्यावर, एक काळे झाकण असते. त्याला पिकअप म्हणतात. झाकणाखाली बोटाच्या पेराएवढ्या चुंबकाच्या कांड्या उभ्या असतात, आणि त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे घातलेले असतात. सर्व यंत्र एवढेच. ते तारेला स्पर्शही करीत नाही.

स्नेह्यांनी पोलादी नादकाटा गुडघ्यावर आपटला आणि त्या काळ्या झाकणावर, न टेकविता, अधांतरी धरला. खोलीच्या कोपऱ्यातील पेटीतून तोच स्वर भरून निघाला. मग त्यांनी दुसरा काटा आपटला. आमच्या कानाशी धरला तेव्हा तोही चांगला गुणगुणत होता. परंतु झाकणावर नेला तेव्हा पेटी गप्प. “आता आपण बोलून पाहा,” ते आम्हांस म्हणाले. आम्ही वर्गात वर्षानुवर्षे कमावलेल्या आवाजात त्या झाकणाशी तोंड नेऊन एक वाक्य उच्चारले. पेटीने, आमच्या विद्यार्थ्यांप्रमाणेच, आमची दखल घेतली नाही.

तेव्हा आमच्या ध्यानात आले की हा कान नव्हे. त्याला आवाज ऐकूच येत नाही; त्याला फक्त पोलादाची हालचाल कळते. खालचे चुंबक वरच्या पोलादी तारेला आपल्यासारखेच थोडेसे चुंबक करून ठेवते. ती तार हलली की वेढ्यांतून जाणारे चुंबकीय क्षेत्र तिच्याबरोबर कमीजास्त होते. आणि असे क्षेत्र बदलत राहिले म्हणजे वेढ्यांत वीज उत्पन्न होते. लोहाराच्या पोटी जन्मलेल्या आणि पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेल्या मायकेल फॅरडे यांनी लंडनमध्ये 1831 साली शोधून काढलेला नियम तो हाच. तार सेकंदाला 41 वेळा मागेपुढे झाली की वीजही 41 वेळा मागेपुढे होते. तार जोराने हलली तर वीज अधिक, हळू हलली तर कमी. केबलमधून आवाज जात नाही. तारेच्या हालचालीचे चित्र जाते.

म्हणजे ज्या विजेला आम्ही खोटेपणाचा ठपका दिला होता, ती येथे स्वतःच्या पदरचा स्वर घालीत नव्हती. अलीकडे गवयांबरोबर तंबोऱ्याची जी विजेची पेटी असते, तिच्यात तार नसते. तिचा स्वर मंडलातच घडविलेला अथवा साठविलेला असतो. या वाद्याचे तसे नाही. येथे तार खरी, बोट खरे, आणि बोटाचा दोषही खरा. बोट पडद्यावर जरा सैल पडले तर ती खरखर पिकअप तितक्याच प्रामाणिकपणे पुढे पाठवितो. एवढेच नव्हे, तर तो तारेवर कोठे बसविला आहे यावर स्वराचा रंग ठरतो. तार संपूर्ण हलते तशीच ती अर्ध्या-अर्ध्याने, तिसऱ्या हिश्शानेही हलत असते. त्यामुळे 41 च्या जोडीला 82, 123 अशी वरची कंपनेही त्याच वेळी चालू असतात. घोडीजवळ तारेचे सगळेच हेलकावे लहान असतात, आणि त्यांत मूळ स्वराचा वाटा अधिकच कमी. म्हणून तेथे बसविलेला पिकअप कडक, धारदार बोलतो. तारेच्या मध्याकडे सरकविलेला भरघोस बोलतो. फळीवरच्या दोन खुंट्यांपैकी एक आवाज कमीजास्त करते; दुसरी वरच्या कंपनांना वाटेतच आडवाट दाखविते, म्हणून आवाज मऊ होतो.

पिकअपमधून निघणारी वीज फार थोडी असते. साधारणपणे एका व्होल्टच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. तिच्याने स्पीकर हलावयाचा नाही. तेथे अँप्लिफायर लागतो. तो काय करतो हे आमच्या स्नेह्यांनी कालव्याच्या दाराचा दाखला देऊन सांगितले. दार फिरविणाऱ्याचा हात दुबळा असला तरी चालतो. पाणी धरणाचे असते. घरातील विजेचा मोठा प्रवाह ती चिमुकली वीज आपल्या हालचालीप्रमाणे उघडते आणि मिटते. पूर्वी हे दार काचेच्या नळ्यांचे असे. आता बहुधा ट्रान्झिस्टरचे असते. मग तो बलवान झालेला प्रवाह स्पीकरमध्ये जातो. आणि स्पीकरमध्ये काय असते? पुन्हा एक चुंबक आणि पुन्हा तांब्याच्या तारेचे वेटोळे! पहिल्या ठिकाणी हालचालीची वीज होते; दुसऱ्या ठिकाणी विजेची हालचाल होते. वेटोळे मागेपुढे होते, त्याला चिकटविलेला कागदाचा रुंद शंकू हवेला ढकलतो, आणि तारेला जे जमले नव्हते ते शंकू करतो.

हे ऐकून आम्ही भिंतीशी उभ्या असलेल्या तंबोऱ्याकडे पाहिले. ज्याला पोट नाही ते काय गाणार, असे आम्ही म्हटले होते. पोट होते. ते फळीपासून सोडवून दहा हात लांब, कोपऱ्यातल्या पेटीत ठेवले होते, आणि मधल्या देठाचे काम केबल करीत होती. आम्ही ते चुकीच्या जागी शोधले.

या यंत्रालाही एक खोड असते. वेटोळे पोलादाची हालचाल टिपते तशीच घरातल्या विजेच्या तारांची गुणगुणही टिपते. आपल्याकडील वीज सेकंदाला 50 वेळा दिशा पालटून परतते. म्हणजे ही गुणगुण नेमकी या वाद्याच्या खालच्या दोन तारांच्या, 41 आणि 55 या कंपसंख्यांच्या, मध्ये येऊन बसते. यावर 1957 साली फेंडर यांनी काढलेला तोडगा आम्हांस फार आवडला. त्यांनी वेटोळ्याचे दोन अर्धे केले. एक अर्धे दोन तारांखाली, दुसरे उरलेल्या दोन तारांखाली, आणि दोन्ही परस्परांविरुद्ध जोडले. बाहेरची गुणगुण दोघांतही सारखीच शिरते आणि एकमेकींना खोडून टाकते. तारेचा स्वर मात्र एकाच अर्ध्यात उमटतो. त्याला खोडणारे कोणी नसते, म्हणून तो टिकतो.

त्या रविवारनंतर चिरंजीव अधूनमधून आम्हांस काही ऐकवू लागले. डेट्रॉइट शहरी मोटाउन नावाच्या ध्वनिमुद्रण संस्थेत 1960 च्या दशकात जेम्स जेमर्सन नावाचे वादक होते. ते ‘प्रिसिजन’च वाजवीत, आणि तेही उजव्या हाताच्या एकाच तर्जनीने. त्यांनी साथ केलेली गाणी जगभर गाजली. परंतु तबकड्यांवर त्या साथीदारांची नावे छापण्याची रीत नव्हती. मार्विन गे यांच्या 1971 सालच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या तबकडीवर जेमर्सन यांचे नाव झळकले तेव्हा त्यांची निम्मी कारकीर्द होऊन गेली होती. ही गाणी मुलाने आम्हांस प्रथम मोबाइलवरून ऐकविली. एवढ्याशा यंत्रातून हा खर्ज कसा निघतो, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, “निघतच नाही, बाबा. तो तुम्ही घालता.” आम्ही स्नेह्यांकडून खात्री करून घेतली; खरे निघाले. तेवढ्या स्पीकरला 41 कंपनांचा स्वर झेपत नाही. परंतु 82, 123, 164 हे त्याचे सोबती कानावर आले की त्यांच्यातील सारख्या अंतरावरून मेंदू त्यांचा मूळ पुरुष ओळखतो, आणि जो आलाच नाही तो स्वर आपल्याला ऐकवितो. इतके औदार्य आपल्या कानांत असताना शेजारच्या खोलीतले आम्हांस दोन वर्षे ऐकू आले नाही, याचे नवल वाटते.

गेल्या हिवाळ्यात मुलाच्या मित्रमंडळींचा एका लहानशा सभागृहात कार्यक्रम झाला. आम्ही उभयता गेलो होतो. तिसरे गाणे चालू असता एकाएकी सगळे पोकळ झाले. गाणारी मुलगी गात होती, ढोल वाजत होते, दुसरी गिटारही चालू होती. कोणताच आवाज बंद झाल्यासारखा वाटेना. परंतु मांडवाचा मधला खांब काढून घ्यावा तसे ते गाणे खचले. श्रोते चुळबुळू लागले, एकमेकांकडे पाहू लागले. आमच्या सौभाग्यवतींनी हळूच विचारले, “काय झाले हो?” आम्ही म्हणालो, “खर्ज गेला. केबल तुटली असावी.” हे वाक्य बोलताना आमचा आवाज कापत होता, असे त्या सांगतात.

रंगमंचाच्या कडेला, अर्ध्या अंधारात, आमचा मुलगा उभा होता. त्याने खाली वाकून एक केबल उपटली, दुसरी खोवली. गाणे कोठवर आले आहे हे त्याचे मन मोजीत असले पाहिजे; कारण खर्ज परत आला तो नेमका समेवर आला, आणि आमच्या कानांत येण्यापूर्वी खुर्चीतून, पायांखालच्या फळ्यांतून आला. लोक स्वस्थ झाले. काय गेले होते आणि काय परत आले, हे बहुतेकांना कळले नसावे. शेवटी टाळ्या झाल्या त्या गाणाऱ्या मुलीला झाल्या, आणि त्या योग्यच होत्या.

त्या रात्री घरी परतल्यावर पहिल्या दिवशीचे ते वाक्य आपण मुलासमोर परत घ्यावे, असे आम्ही मनाशी ठरविले होते. वाटेत त्याची भाषाही जुळविली होती. परंतु बापाच्या तोंडून असली वाक्ये ऐनवेळी बाहेर पडत नाहीत. तो वाद्य घेऊन आपल्या खोलीकडे निघाला तेव्हा आम्ही एवढेच म्हणालो, “उद्यापासून दार लावून बसत जाऊ नकोस. पेटी लाव.”

“आणि शेजारी?”

“दहापर्यंत लाव.”

तो हसला. मग बैठकीत थांबून त्याने आजोबांच्या तंबोऱ्याची गवसणी जराशी वर उचलली आणि बोटाने चाचपून पाहिले. “बाबा, याच्या तारा पार गंजल्यात. उद्या नव्या आणू का?” त्या तारा कोठे मिळतात हे त्याला ठाऊक होते. आम्हांस ठाऊक नव्हते.